साखळीचा संत आणि घोड्यांची प्रदक्षिणा



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. तेव्हा हा गृहस्थ आज जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या घोड्यांच्या सणावर कशाला बोलणार आहे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जास्त झाले. तिथे वाचता वाचता या सणाची माहिती हाती लागली आणि ती मनातून जाईना. हा सोहळा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. जे सांगणार आहे ते वाचून आणि ताडून पाहून सांगणार आहे. विषय देवाधर्माचा दिसला तरी त्याच्या गाभ्याशी एक लोखंडी साखळी आहे, आणि साखळी म्हटली की आमच्यासारख्यांचे कान टवकारले जातातच.

जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याचा हा मुलूख. कुरणे, जंगले, दूधदुभते आणि कॅथलिक धर्मावरची जुनी निष्ठा ही त्याची ओळख. तिथे ६ नोव्हेंबर हा संत लिओनार्डचा दिवस. त्या दिवशी, किंवा सोयीने मागेपुढे, अनेक गावांतून शेतकरी आपले घोडे सजवून बाहेर काढतात. आयाळीत फुले आणि फिती गुंफतात, शेपट्या वेणीसारख्या विणतात, साज तेल लावून चकचकीत करतात, आणि गावाबाहेरच्या एखाद्या टेकडीवर किंवा शेताच्या कडेला असलेल्या चॅपेलकडे, म्हणजे लहानशा देवळाकडे, मिरवणुकीने जातात. नुसते स्वार गेले तर त्याला लिओनार्डाची घोडदौड म्हणावी असे नाव आहे. चार घोड्यांच्या गाड्या गेल्या तर लिओनार्डाची यात्रा. नाव घोडदौडीचे असले तरी धावणे मुळीच नाही. घोडे पावलापावलाने चालतात. देवळाला वळसे घालायचे, जुन्या रिवाजाप्रमाणे तीन. धर्मगुरू उभा राहून पुढून जाणाऱ्या प्रत्येक घोड्यावर आणि स्वारावर पवित्र पाणी शिंपडतो. उघड्यावर प्रार्थना होते. मग लोक गावात परततात, खातात-पितात, आणि तरुण मंडळी लांब चाबकांचे आवाज काढून आपले कसब दाखवतात.

या सणांपैकी क्रॉइट या डोंगरी गावचा सण फार जुना आहे. त्याची नोंद १४४२ सालची सांगतात. पण सर्वांत प्रसिद्ध झाला तो बाड टोल्झ या गावचा. म्युनिच शहरापासून दक्षिणेला पन्नासएक किलोमीटरवर, इझार नदीच्या काठी हे गाव आहे. तिथे नदीवरच्या टेकडीवर लिओनार्डाचे एक लहान चॅपेल आहे, आणि दर वर्षी चार-चार घोडे जुंपलेल्या रंगीत लाकडी गाड्या तो चढ चढून जातात. गाड्यांत पारंपरिक पोशाखातल्या स्त्रिया, मुले, गावकरी बसतात आणि प्रार्थना म्हणतात. २०१६ साली जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत या यात्रेची नोंद केली.

आता या चॅपेलची एक खूण सांगतो. देवळाच्या भिंतींभोवती बाहेरून लोखंडी साखळी बांधलेली आहे. माणसाच्या कमरेला करदोटा असावा तशी ती देवळाभोवती फिरलेली आहे. बव्हेरिया आणि शेजारच्या ऑस्ट्रियात लिओनार्डाची अशी साखळीबंद देवळे आणखीही आहेत. देवळाला साखळी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला जर्मनी सोडून फ्रान्समध्ये आणि काही शतके मागे जावे लागेल.

हा लिओनार्ड कोण? कथा सांगते ती अशी. सहाव्या शतकाच्या सुमारास फ्रँक लोकांच्या राज्यात, क्लोविस राजाच्या दरबाराशी संबंध असलेल्या एका सरदार घराण्यात तो जन्मला. मानमरातब सोडून तो फ्रान्समधल्या लिमोज शहराजवळच्या रानात पर्णकुटी करून राहिला. राजाकडून त्याने एकच अधिकार मागून घेतला होता : तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटावे आणि ज्याला सोडणे योग्य वाटेल त्याला सोडवावे. सुटलेले कैदी त्याच्यापाशी येत आणि तो त्यांना रानातली जमीन कसायला देई, असेही कथा म्हणते. हे चरित्र लिहिले गेले ते अकराव्या शतकात, म्हणजे त्याच्या काळानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. तेव्हा त्यातले किती खरे नि किती भाविकांनी घातलेले, हे ज्याने त्याने ठरवावे. पण लोकांना कसला संत हवा होता हे त्यातून स्वच्छ दिसते. ज्या काळात कर्ज फेडले नाही म्हणून, युद्धात हरला म्हणून, किंवा सरदाराची मर्जी फिरली म्हणून माणूस अंधारकोठडीत पडे आणि त्याची दाद घ्यायला कोणी नसे, त्या काळाने बेड्या तोडणारा संत निर्माण केला.

त्याच्या समाधीपाशी, नोब्ला या गावी, सुटलेले कैदी आपल्या बेड्या आणून टांगत. त्यात गरीब होते तसे मोठेही होते. पहिल्या धर्मयुद्धातला प्रसिद्ध सेनानी, अँटिओकचा राजा बोहेमंड, ११०० साली तुर्कांच्या हाती सापडला आणि ११०३ साली सुटला. पुढे ११०६ साली तो फ्रान्समध्ये आला तेव्हा त्याने नोब्लाला जाऊन नवस फेडला आणि चांदीच्या बेड्या वाहिल्या. गरिबाने लोखंडाच्या वाहाव्यात, राजाने चांदीच्या. पण दोघांचा नवस एकच होता.

या संताची कीर्ती पुढे जर्मन मुलखात गेली, मठांच्या आणि साधूंच्या वाटेने. तिथल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी त्याला रंगवले ते हातात साखळी दिलेल्या साधूच्या रूपात. आणि इथे एक मोठी मौजेची गोष्ट घडली. बव्हेरियातल्या शेतकऱ्याने ती मूर्ती पाहिली. त्याने तुरुंग क्वचितच पाहिला असेल, पण साखळी तो रोज सकाळ-संध्याकाळ हाताळत होता. गोठ्यात गाय बांधायची ती साखळीने, गाडीला घोडा जुंपायचा तो साखळीने, रानातला ओंडका ओढायचा तोही साखळीने. त्याला त्या मूर्तीच्या हातात कैद्याची बेडी दिसली नाही, गोठ्यातली साखळी दिसली. म्हणजे हा आपला माणूस! हा जनावरांचा राखणदार! अशा रीतीने कैद्यांचा संत हळूहळू गाई-बैलांचा आणि मुख्यतः घोड्यांचा संत झाला. अभ्यासकांनी या बदलाची ही उपपत्ती सांगितली आहे, आणि मला ती पटते. श्रमणारा माणूस देवाच्या मूर्तीतसुद्धा आधी आपल्या हातातले हत्यार शोधतो. आपल्या पंढरपूरच्या विठोबाबद्दल वारकऱ्याला विचारा, तोही अशीच जवळिकीची गोष्ट सांगेल.

मग शेतकरी नवस बोलू लागले. घोडा आजारातून उठला तर लोखंडाचा लहानसा घोडा करून देवळात ठेवायचा. गाय व्याली तर लोखंडी गाय. गावच्या लोहाराने ठोकून केलेल्या या ओबडधोबड आकृत्यांचे ढीग लिओनार्डाच्या देवळांतून साठत. आज त्या तिथल्या संग्रहालयांतून काचेच्या कपाटात पाहायला मिळतात. घोड्याचे नालही वाहत. देवळाभोवतीच्या साखळ्या अशाच वाहिलेल्या लोखंडाच्या, असे काही ठिकाणी सांगतात. इन नदीकाठच्या एका गावी तर लोखंडाचे जड पुतळे होते, ते उचलून तरुण लोक आपली ताकद आणि सद्सद्विवेक दोन्ही तपासून पाहत. ज्याच्या मनावर पाप त्याला तो पुतळा उचलत नाही, अशी समजूत.

शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एका घोड्यासाठी एवढे देवदेव करण्याचे नवल वाटेल. पण हिशोब करून पाहा. शेतकऱ्याच्या घरात जमिनीखालोखाल किमतीची वस्तू म्हणजे घोडा. नांगरणी, गवताची वाहतूक, रानातले लाकूड, बाजार, सारे त्याच्या पाठीवर. घोडा पेरणीच्या तोंडावर मेला तर ते साल गेले, आणि पुष्कळदा कर्जापायी पुढची दहा साले गेली. आणि जनावराचा डॉक्टर? जनावरांच्या वैद्यकाची युरोपातली पहिली शाळा फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७६१ साली स्थापन झाली. म्युनिचला तशी शाळा १७९० साली निघाली. तिथून शिकलेला डॉक्टर डोंगरातल्या गोठ्यापर्यंत पोचायला आणखी कित्येक दशके गेली. तोपर्यंत पोटशूळ झालेल्या घोड्यापाशी रात्रभर बसलेल्या माणसाकडे दोनच उपाय होते : गावचा लोहार आणि संत लिओनार्ड. त्या माणसाला अडाणी म्हणून हसण्यापूर्वी आपण त्या रात्री काय केले असते, हे आपण स्वतःला विचारावे.

दिवसही कसा सोयीचा पाहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पीक घरात आलेले असते, डोंगरावरची जनावरे खाली उतरलेली असतात, शेतीचे जड काम सरलेले असते आणि बर्फ अजून पडायचे असते. जनावराला आणि माणसाला श्वास घ्यायला हीच फट. ६ तारखेला लिओनार्ड. आणि पाचच दिवसांनी, ११ तारखेला, संत मार्टिन. त्या दिवशी जमिनीच्या मालकाला खंड आणि देणी चुकवायची रीत होती. म्हणजे आधी आशीर्वाद घ्यायचा आणि मग थैली सोडायची!

आता टोल्झच्या चॅपेलकडे परत येऊ, कारण त्याच्या बांधणीची हकीकत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ते देऊळ कोणा राजाने बांधले नाही, बिशपने बांधले नाही. १७१८ साली ते बांधले टोल्झच्या सुतारांनी. इझार नदीतून लाकडाचे तराफे म्युनिचकडे वाहून नेण्याचा तिथला मोठा धंदा, त्यामुळे सुतार, लाकूडतोडे आणि तराफेवाले ही गावची मुख्य कष्टकरी मंडळी. त्यांनी देऊळ बांधले ते एका नवसाने, आणि त्या नवसामागे रक्त आहे. १७०५ साली स्पेनच्या गादीवरून चाललेल्या युद्धात बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला होता. नव्या राज्यकर्त्यांनी जबर कर लादले आणि तरुणांना जबरदस्तीने पलटणीत भरती करायला सुरुवात केली. तेव्हा डोंगरी भागातले शेतकरी आणि कारागीर उठले. हाती मिळेल ते हत्यार घेऊन ते म्युनिचवर चालून गेले. नाताळच्या दिवशी म्युनिचबाहेरच्या झेंडलिंग गावी शाही फौजेने त्यांना गाठले आणि कापून काढले. अकराशेच्या आसपास माणसे मेली. पुष्कळांनी शस्त्रे खाली ठेवल्यावरही त्यांना मारले गेले, म्हणून बव्हेरियात या घटनेला नाताळची कत्तल असे म्हणतात. त्यातून जे जिवंत परत आले त्यांच्यातल्या टोल्झच्या सुतारांनी कृतज्ञता म्हणून हे लिओनार्डाचे चॅपेल उभारले.

जबरीच्या भरतीतून आणि कत्तलीतून सुटलेल्या माणसांनी नेमका बेड्यांचा संत निवडला. घोड्यांचा संत म्हणून सारा मुलूख त्याला ओळखत होता. त्याचे पहिले काम त्या सुतारांच्या मनात होते की नव्हते, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दगडात आणि लोखंडात त्यांनी जे मागे ठेवले त्यात दोन्ही अर्थ एकत्र बसले आहेत, आणि दर वर्षी घोडे त्याच देवळाला वळसा घालतात.

आता मी आपल्याला त्या घोड्याच्या बाजूला चालणाऱ्या माणसाकडे घेऊन जातो, कारण पुस्तकांत घोड्याची सजावट पानभर असते आणि या माणसाला ओळभर जागा मिळते. घोडा शेतकऱ्याचा; पण त्याला पहाटे चंदी घालणारा, खरारा करणारा, त्याच्याबरोबर दिवसभर नांगरामागे चालणारा बहुधा गडी असे. आपल्याकडे सालगडी म्हणतात तसाच. त्याचा करारही सालाचाच. आपल्याकडे बऱ्याच भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला बदलते. बव्हेरियात ते २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला बदले. त्या दिवशी वर्षाची मजुरी हातात पडे, नवा मालक पाहायचा असेल तर पाहता येई, आणि मधले दोन-चार दिवस काय ते त्याचे स्वतःचे. बायकांनाही, म्हणजे दूध काढणाऱ्या, धुणी-भांडी आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या मोलकरणींना, हाच नियम.

गड्यांच्या उतरंडीत घोडे सांभाळणाऱ्याचा मान वरचा होता. तरी मान म्हणजे हक्क नव्हे. पुष्कळ ठिकाणी तो तबेल्यातच किंवा तबेल्याच्या माळ्यावर निजे. त्याच्याजवळ एक वही असे. तीत प्रत्येक मालक सोडताना शेरा लिही, आणि वही नसेल किंवा शेरा वाईट असेल तर दुसरीकडे काम मिळणे कठीण. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियात ज्याच्याकडे मालमत्ता नाही अशा माणसाला लग्न करायचे तर गावची संमती लागे, आणि गाव ती सहज देत नसे, कारण उद्या याची पोरे गावाच्या धर्मादायावर पडतील ही भीती. म्हणजे घोड्याची पैदास व्हावी म्हणून नवस, आणि घोडेवाल्याच्या लग्नाला मनाई! जर्मनीतल्या निरनिराळ्या राज्यांत नोकरांसाठी खास कायदे होते. प्रशियाचा १८१० सालचा कायदा त्यांत प्रसिद्ध. मुदतीपूर्वी काम सोडून गेलेल्या गड्याला पोलिसांकरवी परत आणता येई. १८५४ साली तिथे शेतमजुरांनी आणि घरगड्यांनी एकजुटीने काम बंद करणे हा गुन्हा ठरवण्यात आला. कारखान्यातल्या कामगाराला संघटनेचा हक्क मिळाल्यानंतरही शेतावरचा गडी त्याबाहेर राहिला. हे कायदे रद्द झाले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, क्रांती झाल्यावर. १२ नोव्हेंबर १९१८ रोजी बर्लिनच्या नव्या सरकारने जो जाहीरनामा काढला, त्यात आठ तासांच्या दिवसाचे आश्वासन होते आणि नोकरांचे खास कायदे रद्द केल्याची घोषणा होती. लिओनार्डाचा दिवस होऊन सहा दिवस झाले होते.

आता कोणी म्हणेल, मग हा सण म्हणजे मालकांचा देखावा झाला. मला तसे म्हणता येत नाही. कारण या सणावर राज्यकर्त्यांचा राग होता, आणि तो का होता हे समजून घेण्यासारखे आहे. अठराव्या शतकात सुधारणेचे वारे वाहू लागले तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी आणि काही शिकलेल्या धर्मगुरूंनीही सणांची मोजदाद केली. एवढे सण, म्हणजे एवढे दिवस काम बंद, म्हणजे एवढे नुकसान! १७७२ साली पोपच्या संमतीने बव्हेरियातल्या सणांच्या सुट्ट्या कमी करण्यात आल्या. १८०३ च्या सुमारास मठ खालसा झाले आणि यात्रा-मिरवणुकांवर बंदी घालण्यात आली. जनावरांना पाणी शिंपडणे ही अंधश्रद्धा, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण त्या शहाण्यांच्या वहीत मजुराच्या विश्रांतीला रकानाच नव्हता. सुटलेला सण म्हणजे वाढलेला कामाचा दिवस. त्या दिवसाची मजुरी काही वाढली नाही, कारण गड्याला मजुरी सालाची! गावकऱ्यांनी मुकाट्याने हे ऐकले नाही. सण कुठे लपूनछपून चालले, कुठे बंद पडून पुन्हा सुरू झाले. टोल्झच्या यात्रेची आजची शिस्तशीर घडी १८५६ साली तिथल्या धर्मगुरूने बसवली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, हा सण एका अंगाने मालकाचा वैभवाचा दिवस होता, आणि दुसऱ्या अंगाने तबेल्यात निजणाऱ्या माणसाचा वर्षातला एक मोकळा श्वास होता. त्या दिवशी एरवी घोड्यामागून चालणारा घोड्यावर बसे. सारा गाव त्याच्या हाताचे काम पाहायला उभा राही. घोड्याची कांती कशी आहे, खूर कसे आहेत, तो गर्दीत बुजतो का, यावरून त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लागे. कष्टाला पैशाशिवाय दुसरे मोल असते, आणि ते चारचौघांच्या नजरेत मिळते. ते मोल पुरेसे नाही; पण त्याची भूक खोटीही नाही. संघटना बांधणाऱ्याने हे ओळखले नाही तर त्याच्या सभेला माणसे येतात, पण जीव लावत नाहीत.

आणि मग ट्रॅक्टर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत १९५० च्या सुमारास पंधरा लाखांच्या आसपास घोडे होते. १९७० पर्यंत ते अडीच लाखांच्या आसपास उरले. वीस वर्षांत सहातले पाच गेले! त्यांतले बहुतेक खाटकाकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर गडीही गेले, कारखान्यांत, रस्त्यांच्या कामांवर, म्युनिचच्या उपनगरांत. जाताना त्यांचे फार वाईट झाले असे नाही. उलट आठवड्याची सुट्टी, विमा, निवृत्तिवेतन हे त्यांना तिथेच मिळाले. साल बदलण्याचा तो २ फेब्रुवारीचा सण बव्हेरियाच्या सार्वजनिक सुट्ट्यांतून तर १९१२ सालीच गेला होता. कित्येक गावी लिओनार्डाची घोडदौड घोडेच नाहीत म्हणून थांबली. कुठे कुठे लोक ट्रॅक्टर सजवून आशीर्वादाला आणू लागले.

पण सण मेला नाही. पुढे घोडे परत वाढले. आज जर्मनीत त्यांची संख्या दहा लाखांच्या वर सांगतात. मात्र त्यातले बहुतेक खेळासाठी आणि हौसेसाठी पाळलेले आहेत. टोल्झच्या यात्रेला जुंपायला मात्र जुन्या कष्टकरी जातीचेच घोडे लागतात. त्यांना तिथे थंड रक्ताचे घोडे म्हणतात. रक्त काही थंड नसते. स्वभाव थंड असतो. रुंद छाती, जाड पाय, बुजण्याची सवय नाही, ओढण्याची ताकद दांडगी. जंगलातून ओंडके ओढायला त्यांचा उपयोग अजूनही थोडाफार होतो. पण एरवी त्यांना काम राहिलेले नाही, आणि ही जात टिकून राहण्यात अशा सणांचा वाटा मोठा आहे. गंमत पाहा : एके काळी घोडा टिकावा म्हणून सण करायचे, आता सण टिकावा म्हणून घोडा पाळायचा.

यात वाईट काय आहे, असे आपण विचाराल. वाईट काहीच नाही. गाव एकत्र येते, कसब टिकते, मुलांना कळते की अन्न यंत्राशिवायही पिकत होते. फक्त एक हिशोब अपुरा राहतो. घोड्याची जात टिकवायला मंडळ स्थापन झाले, गाड्यांचे रंग जतन करायला संग्रहालये निघाली, सणाचे नाव राष्ट्रीय यादीत गेले. पण तबेल्यात निजणाऱ्या गड्याची ती शेऱ्यांची वही, त्याची मजुरी, त्याचे अडलेले लग्न, हे मिरवणुकीत कुठेच दिसत नाही. उत्सवाची एक खोडच आहे : तो जे सुंदर ते पुढे आणतो आणि जे दुखते ते घरी ठेवतो.

हे काही परक्यांचेच आहे असे नाही. श्रावणी अमावास्येचा पोळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळायचे, दुसऱ्या दिवशी जू ठेवायचे नाही, शिंगे रंगवायची, झूल घालायची, वाजत गाजत मिरवायचे, पुरणपोळीचा घास द्यायचा. मालक सालगड्याला नवे कपडे करतो तेही त्याच दिवशी. बव्हेरिया आणि विदर्भ-मराठवाडा यांच्यात कसलाही देवाणघेवाणीचा संबंध नाही. तरी ज्याच्या मानेवर जू त्याला वर्षातून एक दिवस देव मानायचे, ही बुद्धी दोन्हीकडच्या शेतकऱ्याला झाली. आणि तिथल्यासारखाच इथेही ट्रॅक्टर आला आहे. कित्येक घरांत आता मातीच्या बैलांचीच पूजा होते. मुंबईत तर घोड्याचेच उदाहरण आहे. तिथल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली. घोड्यांचे हाल होत होते, हे खरेच होते; निकालाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या वेळी वर्तमानपत्रांतून घोड्यांचे पुढे काय होणार याची जितकी काळजी दिसली, तितकी गाडीवान आणि मोतद्दार यांचे काय होणार याची दिसली असती, तर मला अधिक बरे वाटले असते.

शेवटी पुन्हा त्या साखळीकडे पाहू. तीन प्रकारच्या लोकांनी तिला हात लावला. कैद्याने ती पायातून काढून संतापुढे टाकली. शेतकऱ्याने तिच्यात आपल्या गोठ्यातली साखळी ओळखली. टोल्झच्या सुतारांनी कत्तलीतून वाचल्यावर त्याच संताचे देऊळ बांधले. गड्याच्या वहीची साखळी मात्र कोणा संताला वाहता आली नाही. ती कायद्याने तुटली, आणि कायदा बदलायला माणसांना रस्त्यावर यावे लागले. म्हणून कोणी सणाला हसावे असे मला वाटत नाही, आणि सण झाला म्हणजे सगळे झाले असेही कोणी समजू नये.

आपणां शहरवासीयांना एक विनंती करून माझे भाषण पुरे करतो. आपल्यापैकी पुष्कळांची गावे अजून सुटलेली नाहीत. येत्या पोळ्याला गावी गेलात तर बैलाची शिंगे जरूर पाहा, झूल पाहा. मग बैल धरून उभा असलेल्या माणसाजवळ दोन मिनिटे थांबा. त्याचे साल किती रुपयांचे ठरले आहे, ते वेळेवर मिळते का, आजारी पडला तर पैसे कापतात का, आणि हा दिवस सोडून त्याला दुसरी सुट्टी केव्हा मिळते, एवढे त्याला विचारा. तो पहिल्यांदा लाजेल. नंतर बोलेल. त्याने जे सांगितले ते परत आल्यावर आपल्या ओळखीच्या चार जणांना सांगा. मला आपल्याकडून एवढेच हवे आहे.